दाराकडचा कान

सिस्टरबाई गाणं एका कानानं ऐकत. हेडफोनची एक वाटी उजव्या कानावर आणि दुसरी डाव्या कानाच्या वर, केसांत चढवलेली. त्यामुळे डोक्यावरची ती लोखंडी पट्टी नेहमी तिरकी असायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचा डावा कान गेलेला असावा. मी नवी नवरी, विचारायची सोय नव्हती. चार दिवसांनी त्यांनीच सांगून टाकलं. "हा गान्याचा कान, अन् हा दाराकडचा. सरकार पगार देते तो या दाराकडच्या कानाचा." आणि लगेच, "तू उभी काऊन हायेस व सूनबाई? बस न खाली," म्हणून स्टूल पुढे सारलं.

गाव आमचं नांदुरा तालुक्यातलं, वडनेर भोलजीच्या बाजारावर जगणारं. महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती, वीज नुकती आली होती, डॉक्टर मात्र आलेला नव्हता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या खोलीत सिस्टरबाई. त्यांची आणि आमच्या घराची भिंत एकच, आणि मागचं दार आमच्याच अंगणात उघडायचं. मळ्यांतून, वस्त्यांवरून बैलगाड्या यायच्या. गाडीत कोणी बाई कण्हत असायची आणि गाडीवान पुढच्या दारावर काठी आपटायचा. ती काठी ऐकू येणं हे सिस्टरबाईंचं काम. रेडिओ मोठ्यानं लावला की काठी ऐकू येत नाही, आणि बारीक लावला तर रस्त्यावरच्या गाड्या, बकऱ्या आणि भांडणं यांत गाणं ऐकू येत नाही. म्हणून हा हेडफोन, आणि तोही अर्धाच.

बाई मूळच्या मेहकरकडच्या, हिवरा आश्रमाच्या पलीकडल्या एका खेड्यातल्या. वडील जलशात पेटी वाजवायचे. "बाबा पेटी वाजवत अन् मी भाता हालवो," असं त्या सांगत. गाण्याचं वेड तिथलं. अकोल्याला नर्सिंग शिकायला गेल्या तिथं मेट्रनबाईंकडे रेडिओ होता, त्यावर शास्त्रीय गाणं लागायचं. बाकीच्या मुली पळून जायच्या आणि ह्या दाराशी बसून राहायच्या. लग्नाचं कोणी विचारलं तर "राहून गेलं," एवढंच म्हणत. जसं बाजारात जाऊन मीठ आणायचं राहून जावं.

आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी त्यांना चहा वेगळ्या कपात दिला. कोनाड्यात बाजूला ठेवलेला, दांडी तुटलेला कप. सिस्टरबाईंनी चहा पिऊन टाकला, कप विसळला आणि पदराखाली घेतला. म्हणाल्या, "हा माह्याच नावाचा दिसते. मंग घरीच न्या लागते." आणि नेला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दुसरा जुना कप काढला, तोही गेला. असे तीन-चार कप गेल्यावर घरात वेगळं ठेवण्यासारखं काही उरलं नाही, आणि त्या आमच्याच कपातून चहा प्यायला लागल्या. सासूबाई यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. सिस्टरबाईंच्या खिडकीत त्या कपांतून कापसाचे बोळे आणि थर्मामीटर ठेवलेले असत.

स्वच्छतेचं तर विचारूच नका. हेडफोन कोणी मागितला तर आधी त्याचे कान पाहिले जायचे. मग स्पिरिटचा बोळा. कान पुसून झाल्यावर हेडफोनच्या वाट्या पुसायच्या, आणि ऐकून झाल्यावर पुन्हा पुसायच्या. गावचे पाटील एकदा हौसेनं आले आणि स्पिरिटचं नाव काढताच "नंतर पाहू" म्हणून गेले. त्या हेडफोनला मुळात चामड्याच्या मऊ गाद्या होत्या. एका दुपारी बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्या काढून सुयांबरोबर उकळायला टाकल्या. पातेल्यातून बाहेर आल्या तेव्हा गाद्यांची सुकलेली बोरं झाली होती. "सुया कशा उकळल्यावर चांगल्या होतात," त्या म्हणाल्या, "याचंच काऊन असं झालं?" नर्सबाईच करू जाणे असली चूक.

तो हेडफोन पोस्टमास्तरांनी दिलेला होता. पोस्टमास्तर फौजेत वायरलेसवर होते, आणि नागपूरला लष्कराचा जुना माल विकायला निघाला तेव्हा त्यांनी तो आणला होता. गाद्यांची बोरं पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "सिस्टर, ये कोई इंजेक्शन है क्या?" मग मोटारीच्या जुन्या ट्यूबचं जाड रबर कापून त्यांनी दोन नव्या कड्या बसवल्या. त्या उकळल्या तरी चालणाऱ्या होत्या, आणि कानाला अशा घट्ट बसत की बाहेरचं जग बंद. एकाच कानावर वाटी ठेवणाऱ्या सिस्टरबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

गाणाऱ्यांविषयीची त्यांची मतं ही दुसरीच गंमत होती. गवई मंडळी त्यांच्या लेखी पेशंट होती. "याची नाडी चांगली हाये," हे तबलजीबद्दल. "याले आम्लपित्त हाये, वरच्या सुरात जाते तेव्हा घसा जळते त्याचा." एकदा एक गायिका लागली होती. बाई थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "पोटुशी हाये व ही. सहावा तरी असंन." मी हसले, तर चिडल्या. "श्वास पाह्य न तिचा कुठं तुटते. पोटातलं लेकरू वर ढकलते श्वासाले." खरं-खोटं करायला दिल्ली-मुंबईला कोण जाणार? पण त्या बाईचं पुढं काय झालं असेल, मुलगा की मुलगी, याची चर्चा आम्ही दोघी बरेच दिवस करत होतो.

श्वास ऐकू यायला हवा, हा त्यांचा हट्ट. आणि इथंच आमच्या घरात त्या यंत्रांचं प्रकरण शिरलं. रेडिओतून निघालेला आवाज तसाच हेडफोनमध्ये सोडला तर कान तरी फाटायचे नाहीतर काही ऐकू तरी यायचं नाही. मध्ये ॲम्प्लिफायर लागायचा. पोस्टमास्तरांनी जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह काढून, चहाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून एक पेटारा बनवून दिला होता. तो चालू केल्यावर तापायला वेळ घ्यायचा, तेवढ्यात बाईंचा चहा व्हायचा. पावसाळ्यात त्या पेटाऱ्यावर बँडेजच्या पट्ट्या वाळत घातलेल्या असत. पोस्टमास्तरांना ते दिसलं की त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा.

आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांना ट्रान्झिस्टरचं वेड लागलेलं. व्हॉल्व्हचा जमाना संपला, असं ते जेवताना, झोपताना आणि माझी आई घरी आलेली असताना सांगत. त्यांनी ठरवलं की सिस्टरबाईंना आपणच खरा ॲम्प्लिफायर करून द्यायचा. माझ्या चुलीवर तारांना डाग द्यायचं लोखंड तापू लागलं, घरभर राळेचा वास सुटू लागला, आणि एक दिवस पाहते तर माझ्या रुखवतातली साबणाची गुलाबी डबी गायब. तिच्यातच त्यांनी ते यंत्र बसवलं होतं. "आकार अगदी बरोबर होता," म्हणाले. मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, पण साबणाची डबी काही परत आली नाही.

मग तुलना सुरू झाली. गावात कुस्त्या व्हायच्या तशी. पोस्टमास्तर ह्यांच्या यंत्राला 'डबी' म्हणायचे, आणि हे त्यांच्या यंत्राला 'शेगडी'. दोघंही रविवारी दुपारी सिस्टरबाईंच्या खोलीत बसून एकमेकांच्या तारा तपासायचे. दोघांनीही आधी आपापला आवाज मोठा करून दाखवला. बाईंनी हेडफोन काढून खाली ठेवला. "मोठ्यानं तं दवंडीवाला बी बोलते. बारीक करा, मंग पाहू काय उरते."

ही त्यांची कसोटी, आणि ती दोघांनाही नवी होती. बटण फिरवत फिरवत त्या आवाज इतका खाली नेत की मला नुसता शांतपणा ऐकू यायचा. त्या डोळे मिटून सांगत, आता डग्गा गेला, आता तानपुरा गेला, आता श्वास गेला. पेटाऱ्याचा आवाज गोल होता, माणूस खोलीत येऊन बसल्यासारखा. पण बारीक केला की त्याच्या पोटातली गुणगुण वर यायची. "गानं खाली बसते अन् भुंगा वर येते," त्या म्हणत. "दुसरा कान लावला तं डोकं भणभणते माह्यं." डबीनं पहिल्या दिवशी तर सपाटून मार खाल्ला. "गुरुजी, तुमच्या गवयाले सर्दी झाली," एवढं बोलून त्यांनी ती परत दिली. आमचे हे रुसले, आणि पुन्हा चुलीजवळ बसले.

त्यात पिठाची गिरणी. दुपारी गिरणी सुरू झाली की गावातली वीज मंदावायची आणि पेटारा बसायचा. एकदा ऐन तानेत गिरणी लागली आणि गवयाचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा झाला. पोस्टमास्तर तडक गिरणीवर गेले आणि गाण्याच्या वेळात गिरणी बंद ठेव म्हणाले. गिरणीवाला पीठ झटकत बाहेर आला. "लोकायनं भाकर खाव का गानं खाव, सांगा न तुमीच." पोस्टमास्तर परत आले ते आठवडाभर त्याच्याकडे दळायला टाकायचे नाहीत, असं ठरवून. डबी रेडिओसारखीच सेलवर चालायची, तिला गिरणीचं सोयरसुतक नव्हतं. आमच्या ह्यांना त्या गिरणीवाल्याइतका आवडता माणूस त्या काळात गावात दुसरा नव्हता.

दोन-तीनदा उसवून बांधल्यावर डबी जमली. बाईंनी आवाज खाली नेला, आणखी खाली नेला. मग म्हणाल्या, "तानपुरा जागच्या जागी हाये." पोस्टमास्तरांनी विचारलं, आणि माझा? त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, पण कोणाला दुखवायच्याही नव्हत्या. "तुमचा गोड हाये. याचा खरा हाये." कोणाचा पहिला नंबर ते पुढच्या रविवारी सांगते म्हणाल्या. तोवर दोन्ही यंत्रं त्यांच्याकडे राहिली.

उन्हाळ्याचे दिवस होते. त्या आठवड्यात एका दुपारी थोरल्याला झोपवून मी घरावरच्या मातीच्या धाब्यावर कुरडया घालत होते. खाली दवाखान्यासमोर एक बैलगाडी थांबली होती, गाडीवर गोधडी बांधलेली, आतून कण्हणं येत होतं. एक बुढा दारावर काठी आपटत होता. "ओ बाई! बाई व!" मी वरून ओरडले, "हायेत बाई, आतच हायेत!" त्यानं वर पाहिलं. "नाही जी, कोनीच बोलत नाही. गावात गेल्या असतीन. मी वडनेरले नेतो." आणि त्यानं बैल वळवले. मी शिडीवरून खाली उतरले, अंगणातून मागच्या दारानं आत गेले.

सिस्टरबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर गुलाबी डबी. डोळे मिटलेले. हेडफोनच्या दोन्ही वाट्या दोन्ही कानांवर. पट्टी अगदी सरळ. त्यांचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि तो मला फार आवडला, हे आज सांगायला हरकत नाही. वय उतरलं होतं. ओठ हलत होते. पेटी वाजवणाऱ्या बापाजवळ बसलेली पोरगी असावी तशा त्या दिसत होत्या. मी खांद्याला हात लावला. डोळे उघडले तेव्हा त्या आधी हसल्या, आणि मग त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"दारात गाडी आली होती, आता वडनेरले चालली," मी म्हणाले. त्यांनी पिशवी घेतली आणि निघाल्या. चपला तिथंच राहिल्या. गाडी रस्त्यानं वळसा घेऊन जाणार म्हणून त्यांनी नांगरलेल्या शेतातून वाट काढली, ढेकळांतून, तापलेल्या मातीतून. मी मागे पळत होते आणि मला त्या सापडत नव्हत्या. नाल्याजवळ त्यांनी गाडी गाठली. बाळ गाडीतच आलं. नाळ मानेभोवती गुंडाळलेली, अंग काळंनिळं, आवाज नाही. बाईंनी नाळ सोडवली, बोटानं तोंड साफ केलं, पाय धरून उलटं केलं, पाठीवर मारलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं. पुन्हा मारलं. मी बैलाच्या शिंगाला धरून उभी होते. मग ते रडलं. मी इतक्या मोठ्यानं रडले की बुढा बाळाकडे पाहायचं सोडून माझ्याकडे पाहायला लागला.

परत येताना सिस्टरबाई रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. पायांना फोड आले होते. म्हणाल्या, "गाडी नाला उतरून गेली असती तं?" मी म्हणाले, "पन नाही न गेली." त्या म्हणाल्या, "तू धाब्यावर होती म्हनून." 

दोन दिवसांनी तो बुढा भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन आला. दवाखान्याच्या ओट्यावर पाच-पंचवीस माणसं होती. तो सगळ्यांना सांगू लागला, बाई कशा अनवाणी पळत आल्या, ढेकळं तुडवत आल्या, माह्या नातवाचा जीव कसा ओढून आणला. लोक बाईंकडे कौतुकानं पाहत होते. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला पुरतं बोलू दिलं आणि म्हणाल्या, "मी घरातच होती, बाबा. तुमी काठी वाजवून राह्यले होते तेव्हा मी आतच बसली होती. कानात गानं होतं. मले ऐकू आलं नाही."

 मला वाटलं, न सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? बुढ्यानं पागोटं सारखं केलं आणि थोडा विचार केला. "मंग काय झालं व बाई?" तो म्हणाला. "मी बी पाटाचं पानी ऐकत बसलो का मले आमची बुढी हाका मारू मारू मरते. तुमी आल्या न पळत? पोट्टं जितं हाये न?" लोक हसले. बुढाही हसला. सिस्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेंगा घेतल्या आणि तिथल्या तिथं सगळ्यांना वाटून टाकल्या.

रविवारी पोस्टमास्तर आणि आमचे हे निकालाला आले. हे नवा सदरा घालून गेले होते. बाईंनी दोन्ही यंत्रं समोर मांडली, स्पिरिटनं पुसलेली. "पैला नंबर गुरुजींचा," त्या म्हणाल्या. हे फुलून आले. "या डबीत गान्याशिवाय काहीच नाही. एवढं चांगलं मी जन्मात ऐकलं नाही." मग त्यांनी डबी उचलून ह्यांच्या हातात ठेवली. "घेऊन जा."

ह्यांना कळेना. पोस्टमास्तरांनाही कळेना. "हिनं मले दुसरा कान लावाले लावला," बाई म्हणाल्या. "पेटाऱ्याच्या भुंग्यानं तसं कधी होऊ देल्लं नाही. पेटारा राहू द्या माह्यापाशी." पोस्टमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "मतलब, माझा खराब आहे म्हणून ठेवता?" "हाव," त्या म्हणाल्या. जिंकलेला डबी घेऊन खाली मान घालून बसला होता आणि हरलेला बक्षीस मिळाल्यावर भांडायच्या तयारीत होता.

आमचे हे गप्प बसणारे नव्हते. दारावर बटण बसवतो, ते दाबलं की हेडफोनमध्येच घंटी वाजेल, अशी युक्ती त्यांनी लगेच काढली. कागद मागितला, पेन्सिल मागितली. सिस्टरबाई म्हणाल्या, "गुरुजी, ज्याची लेक गाडीत तळमळून राह्यली तो माणूस तुमचं बटन शोधत बसन का?" ह्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

मला मात्र तो चेहरा सोडत नव्हता. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पुरतं गाणं ऐकलं आणि आता पुन्हा कधी ऐकायचं नाही असं ठरवलं, हे मला पटेना. रागच आला. पुढच्या गुरुवारी दुपारी मी सुपात गहू घेतले, डबी घेतली आणि त्यांच्या पुढच्या दारात जाऊन बसले. "लावा दोनी कानायले. मी बसली हाये." त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. दुपारी झोप लागते का? लेकराकडं कोण आहे? मधेच उठून जाशील का? मग मला मागच्या खोलीत बसवून स्वतः पुढचं दार वाजवून आल्या, किती हळू वाजवलं तर मला कळतं ते पाहायला. सगळ्यांत पास झाल्यावर त्या खाटेवर बसल्या. तरीही पहिल्या दिवशी त्यांनी तीन वेळा वाटी उचलून विचारलं, "हायेस न?"

मग ते दर गुरुवारचं झालं. कोणी आलं की मी उठून त्यांच्या पायाला हात लावायचे. तान कुठं का असेना, त्या तत्क्षणी हेडफोन काढून उभ्या राहायच्या. मधेच उठवलं म्हणून त्यांच्या कपाळावर कधी आठी पाहिली नाही. त्या दुपारी काय लागलं होतं ते मला कधी ऐकू आलं नाही, मी रस्त्याकडे तोंड करून बसलेली असायची. नंतर त्या चहा पिताना मला सांगत. आज त्यानं अमुक ठिकाणी श्वास चोरला, आज तिची तब्येत सुधारलेली दिसली. मी कित्येक गवई असे सिस्टरबाईंच्या तोंडून ऐकले आहेत.

सासूबाई सुरुवातीला करवादायच्या. "एक गानं ऐकते अन् एक दारात बसते, हा कोन्ता धंदा व?" पुढं माझ्या धाकट्याच्या वेळी मी बाळंतीण होते. सिस्टरबाईंच्याच हातचं बाळंतपण. गुरुवार आला तेव्हा मी खाटेवर पडल्या पडल्या पाहिलं, सासूबाई माळ घेऊन अंगणातून पलीकडे निघाल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "जातो थोडी दारात." महिनाभर त्या बसल्या. कपांचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही, पण त्यांना सिस्टरबाई आवडू लागल्या होत्या हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या दुसऱ्या कोणासाठी ऊन लागेल अशा जागी बसल्या नसत्या.

अशी काही वर्षं गेली आणि बदली आली. मोताळा तालुक्यात, रोहिणखेडला. सामान एका गाडीत मावेल एवढंच. गावातल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या, त्यांच्या कडेवरची निम्मी लेकरं सिस्टरबाईंच्या हातावर जन्मलेली. त्या प्रत्येकाचा कान पाहून घेत होत्या, कोणाचा वाहतो, कोणाच्या कानात मळ आहे, आणि आयांना रागवत होत्या. आमच्या ह्यांनी डबीत नवे सेल घातले होते, तारा नव्यानं डागल्या होत्या. ती त्यांनी बाईंच्या हातात दिली. "ही तुमचीच आहे, बाई. घेऊन जा."

सिस्टरबाईंनी डबी हातात घेतली. झाकणावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, घेतील. मग त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"नेऊन काय करू व सूनबाई? तठी दारात कोन बसन?"

 मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, भर रस्त्यात, सासूबाईंच्या देखत. त्यांनी मला थोपटलं, दूर केलं, आणि पोस्टमास्तरांचा पेटारा मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. त्यांची नोकरी त्यानंतरही बरीच उरली होती. रोहिणखेडला त्यांच्या दारात कधी कोणी बसलं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.